सोळाव्या शेकाआधीचे दोन दिवस : तोंडाच्या कॅन्सरच्या एका रुग्णाचे प्रकरण

हे प्रकरण किरणोपचार विभागात काम करणाऱ्या परिचारिकेच्या नजरेतून लिहिले आहे. रुग्ण आणि कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून नावे आणि काही तपशील बदलले आहेत. रुग्णाला इथे दत्तराव म्हणू, त्यांच्या पत्नीला कावेरीबाई.

पार्श्वभूमी

दत्तराव मराठवाड्यातले, वय 52. दोन एकर कोरडवाहू शेती आणि उरलेले दिवस दुसऱ्याच्या शेतात मजुरी. मिसरूड फुटायच्या आधीपासून तंबाखू-चुना. डाव्या गालाच्या आत जखम झाली, ती तीन-चार महिने बरी होईना, तोंड उघडायला त्रास होऊ लागला, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी पुढे पाठवले. बायोप्सीत कॅन्सर निघाला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया झाली : गालाचा भाग आणि जबड्याची कड काढली, मानेतल्या गाठी काढल्या, छातीवरचा स्नायू वळवून गालाला आतून पॅच लावला. जखम चांगली भरली.

तपासणीत मानेतल्या दोन गाठींमध्ये कॅन्सर सापडला आणि एका गाठीत तो गाठीचे आवरण फोडून बाहेर आला होता. असे असेल तर नुसती शस्त्रक्रिया पुरत नाही. किरणोपचार आणि सोबत केमो असे ठरले : रोज 2 ग्रे (किरणांची मात्रा मोजायचे एकक), आठवड्यातले पाच दिवस, एकूण 30 वेळा, म्हणजे 60 ग्रे. किरणोपचाराच्या अशा एका वेळेला बोलीत एक ‘शेक’ म्हणतात. त्याबरोबर आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत हे सुरू व्हावे असा प्रयत्न असतो आणि तसे झालेही. सुरुवातीलाच दातांच्या डॉक्टरांनी दोन किडके दात काढून घेतले होते. किरणोपचारानंतर जबड्याचे हाड लवकर भरून येत नाही, त्यामुळे दात काढायचे असतील तर आधीच काढून जखम भरू द्यावी लागते.

राहायची सोय रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेत झाली. सोबत फक्त कावेरीबाई. एकोणीस वर्षांचा मुलगा गावी शेत आणि म्हशी बघत होता.

अडचण कशी वाढत गेली

पहिले दोन आठवडे कुणाला काही खटकले नाही. आमच्याकडे दर आठवड्याला वजन आणि रक्ततपासणी होते, डॉक्टर तोंड बघतात. दत्तरावांना विचारले की मान हलवून ‘बरंय’ म्हणायचे. वेदना किती ते शून्य ते दहामध्ये सांगा म्हटले तर तीन बोटे दाखवायचे. दर वेळी तीनच.

वजन सुरुवातीला 54 किलो होते. पहिल्या आठवड्याअखेर 53, दुसऱ्यानंतर 51.5, तिसऱ्याच्या शेवटी 49.5. प्रत्येक आकडा कार्डावर लिहिलेला होता. मात्र हे आकडे एकाखाली एक ठेवून कुणी वाचले नाहीत, कारण कार्डावर दर आठवड्याचे पान वेगळे होते.

तिसऱ्या आठवड्यात आणखी एक खूण दिसली होती. मान आणि डोके हलू नये म्हणून किरणोपचाराच्या वेळी चेहऱ्यावर प्लास्टिकचा जाळीदार साचा बसवतात. तो रुग्णाच्या मापाचाच असतो. तंत्रज्ञाच्या लक्षात आले की साचा गालाजवळ सैल बसतो आहे. त्याने ते डॉक्टरांच्या कानावर घातले आणि साच्यातली स्थिती पुन्हा तपासून मर्यादेत असल्याची खात्री झाली. म्हणजे साच्याचा प्रश्न सुटला. गाल का आत गेले, हा प्रश्न तिथेच राहिला.

तोंडाच्या आतले आवरण किरणोपचाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून सोलवटायला लागते, हे आम्हा सगळ्यांना पाठ असते. सिस्प्लॅटिन सोबत असले की ते अधिक होते. पंधरा शेक पूर्ण झाले त्या शुक्रवारी दत्तरावांच्या जिभेच्या कडा आणि उजवा गाल पांढऱ्या पापुद्र्याने भरला होता. भाकरी केव्हाच सुटली होती, पेजही दोन घोटांवर थांबत होती.

चौथ्या आठवड्याच्या सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. मशीनवरच्या वहीत ‘गैरहजर’ अशी नोंद झाली. मंगळवारी संध्याकाळी समाजसेविकेने दुसऱ्याच एका कामासाठी यादी चाळली तेव्हा तिच्या लक्षात आले आणि तिने धर्मशाळेत फोन लावला. कावेरीबाई म्हणाल्या, “बोचकं बांधून ठेवलंय ताई. मृग पडलाय गावाकडं, हे म्हणत्यात मरायचंच तर शेतात जाऊन मरतो. उद्याची गाडी धरायची.”

समाजसेविकेने उपचारांवर एक शब्दही काढला नाही. म्हणाली, “जायच्या आधी सकाळी या, एक सलाईन लावून घेऊ. प्रवासात चक्कर नको यायला.” ते आले. माझ्या मते पुढचे सगळे या एका वाक्यामुळे शक्य झाले. त्या क्षणी उपचार अर्धवट सोडण्याचे धोके सांगितले असते तर फोन ठेवला गेला असता.

बुधवारची सकाळ

उभे राहिल्यावर रक्तदाब 90 च्या खाली, नाडी 112, लघवी आदल्या रात्रीपासून एकदाच आणि गडद. वजन 48.6, म्हणजे सुरुवातीपेक्षा दहा टक्के कमी. रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालत नसले की हा आकडा वाढतो) 0.9 वरून 1.7 वर गेले होते, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी.

सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला त्रासदायक असते, म्हणून ते देण्याआधी आणि नंतर भरपूर सलाईन देतो. पाणी पोटात जात नव्हते, त्यामुळे क्रिएटिनिन थोडे वाढणे अपेक्षितच होते. पण 1.7 हा आकडा डॉक्टरांना जास्त वाटला. त्यांनी विचारले, बाहेरची काही औषधे घेता का? दत्तरावांनी मान हलवली, नाही. कावेरीबाईही नाही म्हणाल्या.

मी कावेरीबाईंना म्हटले, “मावशी, औषधांची पिशवी आहे ना जवळ? जरा बघू.” त्यांनी पाटलोणीच्या कापडाची शिवलेली पिशवी पुढे केली. पलंगावर उपडी केली तेव्हा आमच्या गोळ्यांच्या पट्ट्या निघाल्या, त्यातल्या ट्रॅमाडॉल या वेदनेच्या गोळीच्या निम्म्याहून अधिक तशाच. त्या गोळ्यांनी मळमळते म्हणून सोडल्या होत्या. आणि त्यांच्यासोबत डायक्लोफेनॅकच्या दोन पट्ट्या, एक पूर्ण रिकामी, दुसरीत तीन गोळ्या उरलेल्या. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ‘दुखण्याची गोळी’ मागून आणलेल्या. दिवसाला तीन, कधी चार.

दोघांनी लपवले नव्हते. ‘औषध’ म्हणजे दवाखान्याचे. मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी त्यांच्या हिशोबात औषधांत येतच नव्हती, जसा घरातला बाम येत नाही. पण सिस्प्लॅटिन, कोरडे पडलेले शरीर आणि डायक्लोफेनॅक हे तिन्ही एकाच वेळी मूत्रपिंडावर आले होते.

या पिशवीने आणखी एक गोष्ट उघड केली. ज्या माणसाची वेदना तीन होती तो दिवसाला चार गोळ्या का खाईल? मी कावेरीबाईंना बाहेर नेऊन विचारले. रात्री झोप लागते का? “कुठली झोप. उशी तोंडात धरून बसत्यात, आवाज जाऊ नये म्हणून. डॉक्टरला सांगितलं की दुखतंय, तर शेक बंद करतील, असं वाटलं त्यांना आधी. आता तर स्वतःच बंद करा म्हणत्यात.”

समोर असलेले पर्याय

दुपारी डॉक्टर, आहारतज्ज्ञ, समाजसेविका आणि मी बसलो.

आठवडाभर विश्रांती द्यावी, तोंड सुधारले की पुढे चालू करावे, हा पहिला पर्याय. रुग्णाला तोच हवा होता आणि माणुसकीचाही वाटत होता. पण डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये किरणोपचार मध्येच थांबला तर उरलेल्या पेशी जोमाने वाढतात. वाढलेल्या प्रत्येक दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्याने कमी होते, असे धरले जाते. शिवाय गावी गेलेला माणूस पेरणी सोडून आठवड्याने परत येईल याची खात्री कुणालाच नव्हती.

दुसरा, फक्त सलाईन देऊन शेक चालू ठेवणे. यात पाणी भरून निघते, अन्न नाही. चार दिवसांनी पुन्हा तिथेच.

तिसरा, पोटातून थेट नळी बसवणे. दीर्घकाळासाठी ती सोयीची. पण त्यासाठी एंडोस्कोपीची वेळ मिळवायची, तोंड पुरते उघडत नसताना ती करायची आणि त्यात आणखी दिवस घालवायचे.

चौथा, नाकातून रायल्स ट्यूब, म्हणजे पोटापर्यंत जाणारी बारीक नळी, घालून अन्न सुरू करणे, या आठवड्याची केमो थांबवणे, वेदनेचे औषध बदलणे आणि शेक लगेच चालू करणे. वैद्यकीयदृष्ट्या हाच रास्त होता. अडचण एकच : दत्तराव नळीला तयार नव्हते. आधी दोनदा विषय निघाला तेव्हा त्यांनी हात जोडले होते.

नळीची भीती

धर्मशाळेत पक्का समज असतो, नाकात नळी आली म्हणजे माणूस संपत आला. त्याला कारण आहे. तिथे नळी लागलेले बरेच रुग्ण खरोखरच आजाराच्या शेवटच्या टप्प्यात असतात. उपचार चालू असताना सहा-आठ आठवड्यांसाठी नळी लागलेला आणि ती निघून गावी गेलेला रुग्ण मात्र धर्मशाळेत दिसत नाही, तो घरी असतो.

डॉक्टरांनी समजावले, मी समजावले. फरक पडला नाही. मग आठवले की त्याच दिवशी तपासणीसाठी एक जुना रुग्ण येणार होता. त्याचाही गालाचाच कॅन्सर, दीड वर्षापूर्वी नळी होती. त्याला विचारून, त्याच्या होकाराने दोघांना एका बाकावर बसवले आणि मी तिथून निघून आले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. अर्ध्या तासाने दत्तरावांनी पाटीवर लिहून दाखवले : ‘किती दिस?’

आम्ही तारीख दिली नाही. शेक संपल्यावर तोंड भरायला तीन-चार आठवडे लागतात, गिळता यायला लागले की त्याच दिवशी काढू, असे सांगितले. खोटी तारीख दिली असती आणि ती टळली असती, तर आमच्या पुढच्या कुठल्याच शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

काय केले

आधी सलाईन, पोटॅशियम-मॅग्नेशियमची भरपाई, लघवीचे मोजमाप. डायक्लोफेनॅक बंद. त्या आठवड्याचे सिस्प्लॅटिन थांबवले. तोंडात बुरशीचे ठिपके होते, त्यावर औषध सुरू झाले.

वेदनेसाठी मॉर्फिन. क्रिएटिनिन वाढलेले असताना मॉर्फिनचे अंश शरीरात साठतात, म्हणून डॉक्टरांनी 5 मिलिग्रॅम, तेही चारऐवजी सहा तासांनी असे सुरू केले आणि आम्ही दर डोसानंतर श्वासाची गती आणि गुंगी बघत राहिलो. सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचे औषध. मॉर्फिनने होणारी बद्धकोष्ठता आपोआप जात नाही आणि त्या त्रासाने लोक मॉर्फिनच सोडतात. कावेरीबाईंनी विचारले, याची सवय लागंल का? वेदनेसाठी ठरल्या मापाने घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन सहसा लागत नाही आणि तोंड भरले की ते टप्प्याटप्प्याने कमी करून थांबवतात, हे त्यांना दोनदा सांगावे लागले. त्या रात्री दत्तराव पाच तास सलग झोपले.

नळी घालताना घाई केली नाही. शस्त्रक्रिया डाव्या बाजूची, म्हणून उजवी नाकपुडी निवडली. नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत माप घेऊन खूण केली, बधिर करणारी जेली लावली, हनुवटी छातीकडे झुकवायला सांगितली आणि त्यांनी पाण्याचा घोट गिळला तशी नळी पुढे सरकवली. ओढलेल्या द्रावाची आम्लता तपासली आणि पहिले अन्न देण्याआधी एक्स-रे काढून घेतला. नुसती हवा मारून पोटाचा आवाज ऐकणे पुरेसे नाही. नळी श्वासनळीत असली तरी तसा आवाज येऊ शकतो. साच्याला नाकाजवळची जागा कापून मोकळी करून दिली, म्हणजे नळीसकट तो बसेल.

पाचेक दिवस जवळजवळ काही न खाल्लेल्या माणसाला एकदम भरपूर अन्न देणेही धोक्याचे असते. रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम अचानक खाली येते आणि हृदयावर परिणाम होतो. म्हणून आधी थायमिन (ब1 जीवनसत्त्व), मग पहिल्या दिवशी 800 कॅलरींच्या आसपास आणि रोज रक्त तपासत पाच दिवसांत 1700 पर्यंत वाढ. दूध, दूध पावडर, शिजवून गाळलेली मुगाची डाळ आणि त्यात तेल, नाचणीची पातळ पेज, उकडलेले अंडे दुधात घुसळून. एका वेळी 200 मिलिलिटर, पाठ उंच करून, सावकाश, आधी-नंतर कोमट पाणी. अन्नानंतर अर्धा-पाऊण तास आडवे व्हायचे नाही. अन्न देताना खोकला किंवा धाप लागली तर लगेच थांबायचे. खुणेची पट्टी नाकापाशी आहे ना, हे प्रत्येक वेळी बघायचे. ती सरकली असेल तर काही द्यायचे नाही, आमच्याकडे यायचे.

हे सगळे कावेरीबाईंना सांगितले आणि मग म्हटले, “मावशी, आता तुम्ही करा, मी बघते.” पहिल्या वेळी नाचणीचा गुठळा अडकला. मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायचे, ही युक्ती त्यांनीच काढली. गोळ्या पूर्ण कुटून, एकेक वेगळी, पाण्यात विरघळवून. मॉर्फिनची बारा तासांची गोळी मात्र कधी कुटायची नाही, एकदम सगळे औषध सुटते, म्हणून आम्ही साधीच दिली. सलग तीन वेळा त्यांनी न विचारता सगळे नीट केले तेव्हाच सुट्टी मिळाली.

तोंडासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा, जागे असताना दर दोन तासांनी गुळण्या. बाजारातले झणझणीत माउथवॉश नाही. मानेवर हळद, बाम, पावडर काही नाही, ब्लेडने दाढी नाही, कॉलरच्या शर्टाऐवजी जुने सुती उपरणे.

शेक त्याच बुधवारी संध्याकाळी, सलाईन झाल्यावर सुरू झाला. तो सोळावा. बुडालेले दोन शनिवारी भरून काढायचे ठरले.

निष्पत्ती

एक शनिवार मशीनच्या देखभालीत गेला, म्हणून शुक्रवारऐवजी सोमवारी तीस पूर्ण झाले. सगळे मिळून तीन दिवसांचा फरक. क्रिएटिनिन आठवड्याभरात 1.0 वर आले. पाचव्या आठवड्यात केमो दिली, सहाव्यात पांढऱ्या पेशी कमी झाल्याने नाही. एकूण चार डोस झाले. ठरले होते त्यापेक्षा हे कमीच, आणि चौथ्या आठवड्यातला डोस हुकला तो टाळता आला असता असे वाटत राहते.

वजन 48 च्या खाली गेले नाही. नळी शेक संपल्यावर पाचव्या आठवड्यात निघाली. मॉर्फिन त्याआधीच बंद झाले होते. पेरणी मुलाने केली. तीन महिन्यांच्या तपासणीत आजाराची खूण दिसली नाही. तोंड दोन बोटेही नीट उघडत नाही; आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरण्याचा व्यायाम रोज चालू आहे. चव अजून अर्धवटच आहे. तंबाखू शस्त्रक्रियेपासून बंद आहे, पण शेजारी बसून कुणी मळला की हात शिवशिवतो, असे स्वतःच सांगतात.

काय वेगळे करता आले असते

नळीचा विषय पहिल्या शेकाच्या आधी काढायला हवा होता. तोंड सोलवटलेल्या, घाबरलेल्या माणसाला तिसऱ्या आठवड्यात नळी सुचवली की ती शिक्षेसारखी येते. आधी सांगितले, नळी दाखवली, नळी निघालेल्या माणसाशी बोलणे करून दिले, तर ती उपचाराचाच भाग वाटते. सगळ्यांना आधीच नळी घालावी असे मी म्हणत नाही. अनेकांना ती लागत नाही आणि गिळण्याची सवय टिकणे महत्त्वाचे असते.

वजन पाच टक्के उतरले की आहारतज्ज्ञांकडे, असा नियम असता तर दुसऱ्या आठवड्याअखेर, 51.5 किलोलाच, दत्तराव त्या मर्यादेच्या अगदी जवळ आलेले दिसले असते. आता आमच्याकडे वजनाचा एकच तक्ता कार्डाच्या पहिल्या पानावर आहे आणि टक्केवारीचा रकाना परिचारिकेने भरायचा असतो. साचा सैल झाल्याची नोंदही त्याच पानावर होते.

वेदना बोटांवर विचारून भागत नाही. झोप किती झाली, शेवटचे पोटभर कधी खाल्ले, रात्री कितीदा उठलात, हे सोबतच्या माणसाला वेगळे विचारावे. आणि दर सोमवारी औषधांची पिशवी पलंगावर उपडी करून घ्यावी. त्याला दोन मिनिटे लागतात.

गैरहजेरीचा फोन त्याच दिवशी दुपारच्या आत गेला पाहिजे. मंगळवारी संध्याकाळी यादी चाळली गेली हा योगायोग होता. मशीनवरच्या तंत्रज्ञाने थेट समाजसेविकेला कळवायचे, असे आता ठरले आहे.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. कावेरीबाई पाच आठवडे एकट्या होत्या. रात्री नळी अडकली, औषधानंतर गुंगी जास्त वाटली, तर विचारायला धर्मशाळेत कुणी नव्हते आणि आमचा विभाग संध्याकाळी सहाला बंद होतो. तातडीच्या विभागाचा नंबर आम्ही देतो, पण तिथे फोन उचलणाऱ्याला रुग्णाची फाइल समोर नसते. रात्रपाळीच्या वॉर्डातल्या एका परिचारिकेकडे हे फोन यावेत आणि चालू रुग्णांची यादी तिच्याजवळ असावी, असा प्रस्ताव दिला आहे. मनुष्यबळाअभावी तो अडकून आहे.